इंद्रायणीत सोडलेली कर्जखते

देहूचे नाव काढताच इंद्रायणीच्या डोहात बुडविलेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आलेल्या संत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या आपणांस आठवतात. परंतु त्याच नदीत त्यांच्याही कितीतरी आधी जे कागद गेले आणि पुन्हा कधीच वर आले नाहीत, त्यांची हकीगत मला आज सांगावयाची आहे.

तुकोबांचे घराणे महाजनकीचे आणि सावकारीचे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात व्यापाराचे दिवाळे निघाले, प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, आणि तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसले. संतचरित्रकार महिपतीबोवांनी नोंदविलेल्या परंपरेनुसार, धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधून इंद्रायणीकाठी घेऊन आले. तेव्हा वडिलोपार्जित येण्याची सारी खते तुकोबांनी घरून आणविली, त्यांच्या दोन वाटण्या केल्या आणि आपली वाटणी नदीच्या स्वाधीन केली.

कान्होबांच्या वाटणीला मात्र त्यांनी हात लावला नाही. या कथेत मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते हेच. घरात खत आहे तोवर नामस्मरणातही चित्त वसुलीकडे धाव घेणार, हे ज्याने स्वतःच्या ठायी निरखून पाहिले, त्याने तो निवाडा स्वतःपुरताच अमलात आणावा आणि ज्याच्यावर प्रपंचाचा भार पडणार त्या भावावर आपले वैराग्य लादू नये, इतके निरपेक्ष प्रेम त्यागाच्या आवेशात क्वचितच टिकते.

पुढे संतांच्या आग्रहावरून आत्मचरित्र सांगताना त्यांनी दिवाळे लपविले नाही, पत्नीच्या मृत्यूने वाटलेली लाजही लपविली नाही. इतकेच नव्हे, तर पडके देऊळ सावरून एकादशीचे कीर्तन आरंभिले त्या वेळी आपले चित्त अभ्यासात नव्हते, हेही सांगून टाकले. ज्या काळाची आपण साधनेचा मंगलारंभ म्हणून थोरवी गातो, त्या काळाविषयी खुद्द साधकाची ही जबानी आहे, आणि ती मला कोणत्याही चमत्काराहून अधिक विश्वसनीय वाटते.

आपली खते जपून ठेवणारे कान्होबा काही भक्तीला पारखे झाले नाहीत. १६५० मध्ये तुकोबांचे निर्याण झाल्यावर, माझा भाऊ मला परत दे म्हणून विठ्ठलाशी ज्यांनी भांडण मांडले, ते हेच कान्होबा. आणि त्यांचे ते शोकाचे अभंग आजही वडील बंधूंच्या गाथेतच छापले जातात.