धीर धरण्याची ऐपत
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांच्या श्रमांचें स्मरण करावें हें योग्यच आहे. परंतु ज्या कामास आपले हात अजून लागावयाचे आहेत, अशा एखाद्या कामाचा विचारही याच प्रसंगीं व्हावा, म्हणून मी आज एक विषय आपणांपुढें मांडतों. घरसंसाराचा भार शिरावर असलेल्या गरीब स्त्रीपुरुषांस, ज्या धंद्यांत माणसांची मागणी आहे असा धंदा कसा शिकवावा, हा तो विषय होय.

गरिबाला शिक्षण द्या म्हणजे त्याचें दारिद्र्य जाईल, असें आपण सहज म्हणतों. मुलांच्या बाबतींत तें पुष्कळसें खरें आहे. पण तीस वर्षांची, दोन लेंकरांची आई असलेली विधवा, हिनें शिकावें कसें? शिकावयास बसली तर मजुरी बुडते. मजुरीस गेली तर शिकणें बुडतें. फी माफ केली म्हणून कांहीं चूल पेटत नाहीं. माझें सांगणें एवढेंच आहे कीं, गरिबापाशीं बुद्धीची वाण नसते, कष्टाचीही नसते. त्याच्यापाशीं नसते ती धीर धरण्याची ऐपत. ती शेजाऱ्यांनीं पुरविली, तर बाकीचें तो स्वतःच्या हिंमतीवर करतो.

हें मी केवळ तर्कानें सांगत नाहीं. एका शहरानें हा प्रयोग करून पाहिला आणि त्याचा हिशेबही ठेवला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यांतील सॅन अँटोनियो हें तें शहर. १६९१ सालीं जूनच्या १३ व्या तारखेस, म्हणजे पदुआच्या संत अंतोनीच्या सणादिवशीं, स्पॅनिश लोक तेथील नदीकांठीं पोहोंचले. त्यावरून नदीस व पुढें गांवास त्या संताचें नांव पडलें. शहराच्या पश्चिम भागांत मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कॅथॉलिकांची दाट वस्ती. एके काळीं पाऊस पडला कीं तेथील रस्त्यांचे ओढे होत, आणि नगरसभेचें तिकडे लक्ष नसे. १९७४ सालीं एर्नेस्तो कोर्तेस नांवाच्या कार्यकर्त्यानें तेथील धर्मग्रामांना एकत्र आणून एक लोकसंघटना उभारली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'कॉप्स' म्हणतात. बिशप पॅट्रिक फ्लोरेस, जे १९७९ सालीं तेथील आर्चबिशप झाले, त्यांचें पाठबळ तिला लाभलें. गटारें आणि रस्ते यांसाठीं ही मंडळी झगडली व यशस्वीही झाली.

पुढें १९९० सालीं त्या शहरांतील लीव्हाय स्ट्रॉस कंपनीचा कपड्यांचा कारखाना बंद झाला व तेथील काम कोस्टा रिका देशांत गेलें. हजाराच्या आसपास माणसें बेकार झालीं, त्यांत बहुतेक स्त्रिया. शिवणयंत्रावर आयुष्य काढलेलीं हीं माणसें. शहरांत कामें नव्हतीं असें नाहीं. इस्पितळांस परिचारिका हव्या होत्या, रुग्णांचीं दप्तरें ठेवणारे हवे होते. पण तीं कामें शिकल्यावांचून येत नाहींत, आणि शिकावयास महिने व वर्षें लागतात.

तेव्हां 'कॉप्स' व तिची भगिनीसंस्था 'मेट्रो अलायन्स' यांच्या लोकांनीं घरोघरीं बैठका भरविल्या. सरकारी शिक्षणवर्ग तर पूर्वींही होते. त्यांचा उपयोग कां झाला नाहीं, हा प्रश्न त्यांनीं विद्वानांस न विचारतां, ज्यांनीं ते वर्ग केले होते त्यांनाच विचारला. उत्तर आलें तें असें: थोड्या आठवड्यांचा वर्ग संपतो, हातांत कागद पडतो, पण काम मिळत नाहीं, मिळालें तर तें पूर्वीइतक्याच तुटपुंज्या मजुरीचें, आणि खरी विद्या देणारें लांब शिक्षण घ्यावें, तर तोंवर घर चालत नाहीं.

या उत्तरावरूनच योजनेची आंखणी झाली. प्रथम ही मंडळी मालकांकडे गेली. कोणत्या जागा रिकाम्या आहेत, पगार काय, अंगीं काय असावें लागतें, हें विचारून त्यांनीं नोकऱ्यांचें आश्वासन घेतलें. मग राज्याच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांजकडून व नगरसभेकडून द्रव्य मिळविलें. १९९२ सालीं 'प्रॉजेक्ट क्वेस्ट' ही संस्था स्थापन झाली, आणि १९९३ च्या आरंभीं पहिले विद्यार्थी दाखल झाले.

तिची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिनें स्वतःची शाळा बांधली नाहीं. शिकविण्याचें काम सार्वजनिक कॉलेजांकडेच राहूं दिलें. ज्या धंद्याच्या पगारावर कुटुंब पोसलें जाणार नाहीं, तो तिनें यादींत घेतला नाहीं. गणित-वाचन कच्चें असेल त्यास आधीं तयारीचा वर्ग. फी, पुस्तकें, गणवेश, जाण्यायेण्याचा खर्च, परवान्याच्या परीक्षेचें शुल्क, मुलांना सांभाळण्याची सोय, या सर्वांस साह्य. परंतु याहूनही महत्त्वाचा होता तो मार्गदर्शक. प्रत्येक विद्यार्थ्यामागें एक जाणतें माणूस नेमलेलें असे. आणि दर आठवड्यास सर्वांनीं एकत्र बसून आपापल्या अडचणी बोलावयाच्या, असा दंडक होता. मूल तापानें फणफणलें, गाडी बिघडली, विजेचें बिल थकलें, परीक्षेच्या भीतीनें झोंप उडाली, नवरा म्हणतो पुरे झालें आतां शिकणें, अशा गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण गरिबाचें शिक्षण मोडतें तें बहुधा अशाच गोष्टींवर. आणि वेळीं कोणी हात दिला तर तें थोडक्यांत सांवरतें.

आतां फलाकडे पाहूं. २००६ ते २००८ या काळांत, आरोग्यसेवेचे धंदे शिकूं इच्छिणाऱ्या ४१० अर्जदारांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करण्यांत आली. एका गटास 'क्वेस्ट'चा आधार मिळाला. दुसरा गट गांवांत इतरत्र जें साह्य मिळेल त्यावर राहिला. पुढें वर्षानुवर्षें दोहोंच्या मिळकतीची तुलना झाली. पहिल्या वर्षीं 'क्वेस्ट'च्या गटाची कमाई दुसऱ्या गटाहून कमी भरली! तेथेंच कोणी हिशेब बंद केला असता, तर योजना फसली असें म्हणून मोकळा झाला असता. पण कमाई कमी होती ती शिकण्यांत वेळ गेल्यामुळें. तिसऱ्या वर्षापासून पारडें फिरलें. सहाव्या वर्षीं हा गट सरासरीनें सुमारें ५,००० डॉलर अधिक मिळवूं लागला, आणि नवव्या वर्षीं पाहिलें तरी तो लाभ टिकून होता. पेरणीच्या दिवशीं कणगींतलें धान्य कमीच होतें, हें आपणां शेतकऱ्यांच्या लेंकरांस कोणीं शिकवावयास नको. ज्याच्या कणगींत पेरण्यापुरतेंही उरत नाहीं, त्यानें पेरावें कसें, हाच खरा प्रश्न आहे.

या योजनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कारखाना बंद झाला १९९० मध्यें, पहिले विद्यार्थी बसले १९९३ मध्यें. आणि पोट कांहीं तीन वर्षें थांबत नाहीं. शालान्त शिक्षण किंवा त्याच्या तोडीची परीक्षा झालेली असावी, अशी अट असल्यामुळें अगदीं निरक्षरांस तिचें दार उघडत नव्हतें. शिवाय एकेका माणसामागें हजारों डॉलर खर्च येतो, म्हणून संख्या मर्यादितच राहते. तथापि ऑस्टिन, एल पासो आदि शहरांनीं याच धर्तीवर संस्था काढल्या, यावरून या मार्गाची योग्यता दिसून येते.

प्रभूनें सांगितलेल्या दृष्टांतांतील शोमरोनी या ठिकाणीं आठवतो. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून तो निघून गेला नाहीं. त्यानें त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, दुसऱ्या दिवशीं मालकाच्या हातीं पैसे ठेवले, आणि अधिक लागलें तर परततांना देण्याचें कबूल केलें. त्याची शुश्रूषा मनुष्य उभा राहीपर्यंतची होती.

आपल्यापाशीं टेक्सासचे डॉलर नाहींत. पण सहकार्याची संवय आपणांस नवी नाहीं. आपल्या वसईंत १९१८ सालींच कॅथॉलिक पतपेढी निघाली, ती सावकाराच्या दारीं जाणाऱ्यास दुसरें दार असावें म्हणून. त्याच वळणावर तीन गोष्टी आपणांस करतां येतील. पहिली, वर्ग काढण्यापूर्वीं आसपासच्या इस्पितळांस व कारखान्यांस विचारून यावें कीं, तुम्हांला कोण माणसें हवींत व पगार काय द्याल. दुसरी, जी बाई परिचारिकेचें काम शिकावयास निघेल, तिच्या केवळ फीची सोय करून थांबूं नये. तिच्या मुलांकडे दुपारीं कोण पाहील, गाडीभाडें कोठून येईल, हें धर्मग्रामांतील स्त्रियांनीं व संत व्हिन्सेंट दी पॉल मंडळींनीं आधींच ठरवावें. तिसरी, आठवड्यांतून एकदां तिच्या घरीं जाऊन कोणीतरी विचारावें, "बाई, या आठवड्यांत काय अडलें?" या तिसऱ्या गोष्टीस पैसा जवळजवळ लागत नाहीं, तरीपण तीच सर्वांत अवघड आहे, कारण ती न कंटाळतां दोन-तीन वर्षें करावी लागते.

आपल्या धर्मग्रामांत अशीं किती घरें आहेत, तें आपण सर्व जाणतां. पुढल्या महोत्सवापर्यंत त्यांतील पांच घरें जरी आपल्या पायांवर उभीं राहिलीं, तरी त्या दिवशीं लावावयाच्या मेणबत्त्यांस अधिक तेज येईल. परमेश्वर आपणांस ती चिकाटी देवो, एवढें मागून मी आपली रजा घेतों.