दोर सैल सोडा, घोडी उभी राहील



आम्ही दोघी जावा. तापीकाठच्या गावात आमची शेती, दोन म्हशी आणि एक घोडी. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला माणसं येतात, तशी घोड्यांच्या बाजारालाही लांबून येतात. गेल्या साली आम्ही आमचं कुमैत शिंगरू तिथे विकायला नेलं. वर्षभर तिचं खाणं, पाणी, खरारा सगळं आमच्या हातचं. बाजारात मात्र दोर घरच्या पुरुषांच्या हाती. गिऱ्हाईक आलं की ते दोर खेचायचे. ती मान वर करायची, मागे सरायची, पुढचे पाय पोटाखाली घ्यायची. एकजण म्हणाला, "पाय कच्चे दिसतात." भाव पडला, घोडी घरी परत आली आणि बचत गटाचा हप्ता थकला.

गावातल्या म्हाताऱ्या नालबंदांनी चारही पाय हाताने चाचपून पाहिले. म्हणाले, "पाय चांगले आहेत. हिला उभं राहायला कुणी शिकवलंच नाही." मग आम्हीच शिकवायला बसलो.

पहिली गोष्ट जागा. जमीन सपाट हवी. उतारावर चांगला पायही वाकडा दिसतो. मोहरकी घालून तिला सरळ चालवत आणायचं आणि थांबवायचं. आपण अगदी समोर उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं. दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. घोडी बिचकली तर हात जाईल.

आधी मागचे पाय बघायचे. ते बरोबर नसतील तर अख्खी घोडी एक पाऊल पुढे किंवा मागे घ्यायची. मग पुढचे पाय. डावा पाय हलवायचा तर तिचं डोकं जरा उजवीकडे न्यायचं. भार उजव्या पायावर जातो, डावा हलका होतो आणि ती तो सहज उचलते. भार असलेला पाय कितीही ओढा, हलत नाही. पाय जागेवर पडला की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. हेच तिचं बक्षीस. शिवाय मानेच्या मुळाशी थोडं खाजवायचं.

आधी पाच आकडे मोजेपर्यंत उभी राहिली तरी पुरे. मग दहा, मग वीस. हलली तर ओरडायचं नाही. मुकाट्याने पुन्हा त्याच जागी आणायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. नीट उभी असतानाच धडा संपवायचा. पुढे पुढे आम्ही शेजारी थाळी वाजवली, छत्री उघडली, पोरं गोळा केली. यात्रेत ढोल असतात, भोंगे असतात, त्याची सवय घरीच लागली पाहिजे.

एक मात्र लक्षात ठेवा. मागचा एक पाय सैल सोडून घोडी विसावा घेते, तो दोष नव्हे. पण पुढचा एकच पाय सारखा पुढे टाकून उभी राहत असेल, तर तिला दुखतंय. धडा थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

यंदा यात्रेत दोर आमच्यातल्या धाकटीच्या हाती होता. गिऱ्हाईक भोवती फिरलं, दात पाहिले, भोवरे पाहिले. घोडी चार खांबांवर उभी असल्यासारखी उभी. मागच्या पायावर तारेने कापल्याची जुनी खूण आहे, ती आम्हीच दाखवली. नीट उभं करणं म्हणजे दोष झाकणं नव्हे. आहे ते सगळं दिसू देणं.

भाव मनासारखा झाला, थकलेला हप्ता भरला. तुमच्याकडे घोडी नसेल, पण प्रदर्शनात न्यायची कालवड किंवा शेळी असेल. तिलाही दोर असाच धरा.

घोडी देताना आम्ही नव्या मालकाला एवढंच सांगितलं, "भाऊ, खेचू नका. सैल सोडा, ती उभी राहते."