परमुलखी बांधलेली नौका



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोते मनाशी हसले असतील. परदेशातील कारखान्याकडून स्वतःसाठी खास शिडाची नौका बांधवून घेण्यातले धोके! या सभागृहातील किती जणांवर असा प्रसंग येणार? बहुधा एकावरही नाही. तरीही हा विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी नुसता नकाशा पाहून घर घेतलेले आहे. चार खांब उभे असताना पहिला हप्ता भरला, स्लॅब पडला तेव्हा दुसरा भरला, आणि मग वर्ष-दोन वर्षे रोज संध्याकाळी त्या बाजूने चक्कर मारली. त्या काळात घर आपले झालेले नव्हते आणि पैसे आपले राहिलेले नव्हते. ही जी मधली अवस्था आहे, तिच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. घराच्या बाबतीत निदान २०१६ चा स्थावर संपदा कायदा झाला. २०१७ पासून महाराष्ट्रात दाद मागायला प्राधिकरण आहे. परंतु वस्तू समुद्रापलीकडे बांधली जात असेल, तर संध्याकाळची चक्करही मारता येत नाही.

यॉट म्हणजे हौसेची नौका. बाजारात तयार साच्यातून निघालेल्या यॉट मिळतात. एकसारख्या पन्नास निघाल्या की पहिल्या पाचांतले दोष पुढच्यांत दुरुस्त होतात. खास मागणीची नौका मात्र एकच निघते. ती स्वतःच स्वतःचा प्रयोग असते, आणि त्या प्रयोगाचा खर्च गिऱ्हाईक देतो.

या व्यवहारातला पहिला धोका कागदाचा. नौका बांधणारा एका देशात आणि बांधवून घेणारा दुसऱ्या देशात असला, की दोघांमधला दुवा म्हणजे नकाशा. याची दोन उत्तम उदाहरणे आपल्या मुंबईचीच आहेत, आणि गंमत अशी की दोन्हींत परदेशी कारागीर आपण होतो, गिऱ्हाईक इंग्रज होता.

इंग्लंडच्या आरमारखात्याने ऑक्टोबर १८१२ मध्ये मुंबईच्या गोदीकडे एक युद्धनौका मागितली. त्या वेळी गोदीचा कारभार वाडिया घराण्याकडे होता. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले होते. इंग्लंडात ओकचे लाकूड दुर्मिळ होत चालले होते आणि मलबारचा साग पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो, ही कीर्ती पसरली होती. १८१३ अखेर नौका तयार व्हावी अशी अपेक्षा होती. तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली, जहाज गेले, आणि त्याबरोबर नकाशेही गेले. दुसरे नकाशे मुंबईस पोचायला १८१३ चा ऑगस्ट उजाडला. कामाचा रीतसर आरंभ मे १८१६ मध्ये, पारशी प्रथेप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून झाला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. तोवर नेपोलियनची लढाई संपून दोन वर्षे उलटली होती! ज्या कामासाठी नौका मागवली ते कामच उरले नव्हते. इंग्लंडला पोचल्यावर ती पंचवीसेक वर्षे राखीव ताफ्यात नुसती बांधून ठेवली गेली. कारागिरीत मात्र कसूर नव्हती. ती नौका आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे.

दुसरी गोष्ट अधिक घरगुती आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज व्यापारी जहाजावर अधिकारी होता आणि त्याचा तळ मुंबईत होता. १९६३ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कुलाब्यात एक शिडाची नौका बांधायला घातली. इंग्लंडातील एका संस्थेकडून त्यांनी नकाशे मागवले. आले ते दुसऱ्याच नौकेचे. विल्यम अॅटकिन नावाच्या अमेरिकन रेखाकाराने कित्येक दशकांपूर्वी आखलेल्या जुन्या वळणाच्या होडीचे! परत पाठवून पुन्हा मागवावेत तर वेळ जाणार. तेव्हा आलेल्या नकाशावरच काम सुरू झाले. आपल्या सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा पिढीजात हत्यारांनी सागाची बत्तीस फुटी नौका उभी केली. तिचे नाव ‘सुहेली’. इराणच्या आखातातल्या अरब खलाशांनी एका वाऱ्याला दिलेले हे नाव. ती इंग्लंडला नेताना वाटेत पैसे संपले, म्हणून दक्षिण आफ्रिकेत मुक्काम करून नोकरी करावी लागली. आणि याच नौकेतून नॉक्स-जॉन्स्टनने १४ जून १९६८ रोजी फालमथ सोडले आणि कोठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात पाऊल ठेवले. तोपर्यंत कोणीही हे केले नव्हते.

कोणी म्हणेल, मग धोका कुठे राहिला? चुकीच्या नकाशानेसुद्धा भले झाले! परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या प्रवासाला ‘सुहेली’ न्यावी अशी त्याची मुळात इच्छा नव्हती. त्याला पोलादाची मोठी नवी नौका हवी होती. तिचा आराखडाही तयार झाला, पण पैसा उभा राहिला नाही. अटलांटिकमध्ये ‘सुहेली’च्या तळाशी फट पडून पाणी आत येऊ लागले, तेव्हा त्याने पाण्यात बुडी मारून फटीत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. हे त्याला साधले, कारण ती नौका बांधली जात असताना तो तेथे होता. कोणत्या फळीमागे काय आहे हे त्याला ठाऊक होते. टपालाने मागवून, गुळगुळीत रंग दिलेली नौका बंदरात ताब्यात घेणाऱ्याला हे ठाऊक नसते.

दुसरा धोका याच न दिसणाऱ्या भागाचा. १९७० नंतरच्या दशकांत हौशी अमेरिकन लोकांनी तैवानमध्ये पुष्कळ नौका बांधून घेतल्या. मजुरी स्वस्त, लाकूडकाम देखणे. आतले सागवानी कोरीवकाम पाहून माणूस हरखून जाई. पण त्यांतील अनेक नौकांवर सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी फायबरग्लासच्या डेकवर बसवलेल्या असत. काही पावसाळे गेले की प्रत्येक स्क्रूच्या भोकातून थेंबथेंब पाणी डेकच्या पोटात झिरपे आणि आतले लाकूड कुजे. इंधनाच्या टाक्या साध्या लोखंडाच्या. त्या गंजल्या की काढायला वरचे सारे देखणे लाकूडकाम फोडावे लागे. सगळेच कारखाने असे होते असे मात्र मुळीच नाही. तेथल्या चांगल्या कारखान्यांच्या नौका आजही मान राखून आहेत.

तैवाननेच आणखी एक धडा दिला, तो चलनाचा. १९८५ च्या सुमारास एका अमेरिकन डॉलरला तेथील चाळीसच्या आसपास डॉलर मिळत. दशक संपता संपता ते सव्वीसच्या घरात आले. जी नौका चाळीस लाख तैवानी डॉलरांची, ती आधी एक लाख अमेरिकन डॉलरांत येत असेल, तर पुढे दीड लाखांहून अधिक पडणार. कारागिराने एक खिळाही जास्त मारलेला नाही! किंमत कोणत्या चलनात ठरली, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाही. आणि किंमत गिऱ्हाइकाच्या चलनात ठरली, तर तोटा कारखान्याच्या माथी येतो आणि कारखाना बुडण्याची भीती गिऱ्हाइकाच्या माथी.

येथे आपण सर्वांत अवघड जागी येतो. नौकेचे पैसे हप्त्यांनी द्यायचे असतात: करारावर सही होताच काही, सांगाडा उभा राहिला की काही, डेक बसला की काही, इंजिन आले की काही, आणि उरलेले समुद्रावरील चाचणीनंतर. समजा, तीन हप्ते गेल्यावर कारखान्याचे दिवाळे वाजले. शेडमध्ये अर्धवट नौका उभी आहे. कोपऱ्यात खोक्यात इंजिन आहे, जे आपल्याच पैशांतून आले. हे सारे कोणाचे? करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर बहुधा कारखान्याच्या मालमत्तेच्या यादीत ते जाईल आणि आपण बँका, लाकूडवाले, कामगार यांच्या मागे रांगेत उभे राहू. म्हणून जाणते लोक करारात लिहून घेतात की प्रत्येक हप्त्याबरोबर झालेल्या कामाची आणि आणलेल्या सामानाची मालकी आमची; सामानावर आमच्या नौकेचा क्रमांक घालावा; आणि हप्ता परत मिळण्याची हमी कारखान्याने नव्हे, एखाद्या भक्कम बँकेने द्यावी. कारखान्याची हमी कारखान्याबरोबरच बुडते. वाद कोणत्या देशाच्या कायद्याने व कोणत्या गावी चालायचा, हेही आधीच ठरलेले बरे. परक्या भाषेत, परक्या न्यायालयात वकील लावण्याचा खर्च पुष्कळदा मूळ दाव्याइतकाच होतो.

लॉइड्स रजिस्टर किंवा ब्यूरो व्हेरितास यांसारख्या संस्थांचे निरीक्षक बांधकाम तपासतात, मग काळजी कसली, असे काही जण विचारतात. ते निरीक्षक आपल्या संस्थेचे नियम पाळले गेले की नाही, हे पाहतात. तुमच्या मनातली नौका होते आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यांचे नव्हे.

गिऱ्हाइकाची बाजूही निर्दोष नसते. बांधकाम चालू असताना त्याला नवनव्या गोष्टी सुचतात: शीतपेटी मोठी हवी, आणखी एक पाण्याची टाकी हवी. घरात एक कपाट वाढवले तर घर खचत नाही. नौका मात्र प्रत्येक मणाबरोबर पाण्यात थोडी खाली बसते. शिवाय प्रत्येक बदल म्हणजे कारखान्याला मुदत आणि किंमत दोन्ही वाढवण्याचे सबळ कारण.

आता आपण स्वतः गिऱ्हाईक झालो तेव्हाची हकीकत. मोठ्या प्रमाणावरचे असले तरी दुखणे तेच. रशियाची ‘गोर्शकोव्ह’ ही जुनी विमानवाहू नौका आपल्या आरमारासाठी नव्याने घडवून देण्याचा करार २००४ साली झाला. किंमत ९७ कोटी ४० लाख डॉलर. नौका २००८ साली मिळायची. काम सेव्हरोद्विन्स्क येथील गोदीकडे होते आणि त्या गोदीचा हातखंडा पाणबुड्यांचा. जुनी नौका उघडली तेव्हा कळले की काम अंदाजाहून फार मोठे आहे. किंमत वाढवून मागितली गेली. पैसे गेलेले, नौका परक्या गोदीत सुटी पडलेली. अशा वेळी ‘नको तुमची नौका’ म्हणायला फार मोठी छाती लागते. २०१० साली सुमारे २३५ कोटी डॉलर मान्य झाले. २०१२ च्या चाचणीत बाष्पकांनी दगा दिला. अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘विक्रमादित्य’ आपल्या ताब्यात आली. दोष एकट्या बांधणाऱ्याचा होता असे आम्हांस वाटत नाही. न उघडलेल्या वस्तूची पक्की किंमत ठरते, असे दोन्ही पक्षांनी मानले, येथेच घोटाळा झाला.

याच सुमारास गोव्यात उलटा प्रकार घडला. आपल्या आरमाराने ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी शिडाची नौका दिवाडी बेटावरच्या एका कारखान्यात बांधून घेतली. आराखडा हॉलंडचा, हात गोव्याचे. जे त्या नौकेतून जगप्रदक्षिणेला जाणार होते, ते कमांडर दिलीप दोंदे बांधकामाच्या काळात स्वतः तेथे लक्ष ठेवून होते. नौका फेब्रुवारी २००९ मध्ये आरमारात आली. त्याच ऑगस्टमध्ये ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरे घेऊन २०१० च्या मे महिन्यात एकट्याने परत आले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच नौकेतून न थांबता जाऊन आले.

२०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीसाठी टॉमींनी गोव्यातच ‘सुहेली’ची प्रतिकृती बांधवून घेतली. तिचे नाव ‘तुरीया’. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. २०२२ साली ते पुन्हा याच शर्यतीत उतरले. या वेळी त्यांनी नवी नौका बांधायला घातली नाही. इंग्लंडात पूर्वीच बांधलेली, समुद्र पाहिलेली एक वापरातली छत्तीस फुटी नौका घेतली, तिची डागडुजी केली, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्या शर्यतीत दुसरे आले.