आफ्रिकेच्या वाटेवरचे नाशिककर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो आफ्रिकेतील मिशनऱ्यांच्या प्रवासांचा. केमला, उत्तरेश्वराच्या गावी, हा विषय ऐकावयास किती मंडळी येतील याची आम्हांला शंकाच होती. पण विचार करता ध्यानात आले की, या विषयाची एक वाट आपल्या नाशिकवरून गेलेली आहे. शिवाय तुमच्या गावच्या कुंकवाची आठवण झाली. केमचे कुंकू कोणकोणत्या देवळांत जाते! ते लावणाऱ्याला देवीचे नाव ठाऊक असते, करणाऱ्याचे नसते. आज आम्ही बोलणार आहोत ते अशाच काही माणसांविषयी.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे नाव आपण शाळेत वाचले. त्यांनी १८५५ साली व्हिक्टोरिया धबधबा शोधून काढला, असेही घोकले. धबधब्याच्या काठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि त्यांनी त्याला 'गर्जणारा धूर' या अर्थाचे नावही दिले होते. तेव्हा 'शोधून काढला' म्हणजे काय, हे आमच्या मास्तरांना विचारण्याची आमची छाती नव्हती. असो. लिव्हिंग्स्टन हे पाद्री, वैद्य आणि संशोधक असे तिन्ही होते, आणि गुलामांच्या व्यापाराचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. न्यासा सरोवराकडची माणसे पकडून किलवा-झांझिबारच्या बाजारांत आणीत आणि तेथून गलबतांत कोंबून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठवीत.

इंग्रजांची लढाऊ जहाजे यांतली काही गलबते समुद्रात धरीत. सुटलेल्या मुलांचे पुढे काय करावयाचे? किनाऱ्यावर परत सोडली तर पुन्हा पकडली जाणार. म्हणून कित्येकांना मुंबईला आणून उतरवीत. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५४ साली नाशिकजवळ शरणपूर नावाचे ख्रिस्ती गाव वसविले होते. पुढे या आफ्रिकी मुलामुलींसाठी तेथे आश्रम निघाला. नाशिकचा शरणपूर रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी तुडविला असेल. तेच हे शरणपूर. तेथे त्यांना लोहारकाम, सुतारकाम, लेखन-वाचन शिकविले. इंग्रजी आली, आणि नाशिकच्या वाऱ्यापाण्यावर वाढलेल्या मुलांना इकडची बोलीही आली. त्याचबरोबर नवा धर्म मिळाला आणि नवे नावही. चेंगविंबे नावाच्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. त्या मुलांना कोणी विचारले नाही, हे आम्हांस सलते. तथापि बेडीतून सुटलेल्या पोराला दोन वेळचे अन्न आणि हातात कसब देणारी दुसरी माणसे त्या वेळी फारशी पुढे आली नव्हती, हेही कबूल केले पाहिजे.

१८६४ साली लिव्हिंग्स्टन आपली 'लेडी न्यासा' ही लहानशी आगबोट स्वतः हाकारीत झांझिबारहून मुंबईस आले. ती तिकडे विकली तर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडेल, ही त्यांना धास्ती होती. बरोबर चुमा आणि विकतानी ही दोन मुले होती. त्यांना त्यांनी मुंबईत डॉ. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेविले. हेच विल्सन कॉलेजचे विल्सन. दुसऱ्या वर्षी ते परतले, मुंबईकरांकडून वर्गणी जमविली आणि शरणपूरची नऊ मुले पुढच्या मोहिमेसाठी निवडली. १८६६ च्या आरंभी ही मंडळी झांझिबारला पोहोचली. बरोबर उंट होते, म्हशी होत्या, मुंबईचे शिपाईही होते. जनावरे लवकरच मेली आणि शिपायांना परत धाडावे लागले.

ही नऊ मुले संत नव्हती. त्यांतला रिचर्ड पहिल्याच वर्षी वाटेत मेला. पुढे एकदा बहुतेकांनी पाऊल टाकण्यास साफ नकार दिला. डॉक्टरांनी त्यांना काही महिन्यांनी परत घेतले, आणि या पायपिटीला आपणही कंटाळलो आहोत, असे रोजनिशीत मोकळेपणाने लिहिले. आम्हांला त्यांच्या सगळ्या लिखाणात ही जागा सर्वांत अधिक आवडते. अखेरपर्यंत टिकलेल्या जुन्या पाच माणसांत सुसी, चुमा आणि अमोदा यांच्याबरोबर गार्डनर व माब्रुकी हे दोन शरणपूरचे होते. १८७२ साली झांझिबारहून नवी कुमक गेली, तिच्यातही जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर असे आणखी सहा नाशिककर होते.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो नामक मुखियाच्या गावी, डॉक्टर पलंगाशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. आता खरी कसोटी आली. गोरा साहेब मेला होता. सामान वाटून घेऊन आपापल्या वाटेला लागण्यास कोणाची आडकाठी होती? माणसांनी विचारविनिमय केला आणि देह समुद्राकडे न्यावयाचा ठरविला. काळीज काढून झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळविला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून काठीला बांधला. पुरताना प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली. त्यानेच झाडाच्या बुंध्यावर डॉक्टरांचे नाव आणि ४ मे ही तारीख कोरली, व खाली आणखी तीन आफ्रिकी सोबत्यांची नावे कोरली.

तेथून झांझिबारसमोरच्या बागामोयो बंदरापर्यंत हजार मैलांहून अधिक वाट. लागले सुमारे नऊ महिने. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या आतबाहेर, आणि वाटेवर गावोगाव पाणी व भाकरी घेऊन माणसे उभी. या दिंडीला मात्र प्रेत बरोबर आहे हे कळल्यावर पुढे वाटच मिळेना. एके ठिकाणी त्यांनी युक्ती केली. प्रेत परत पाठविल्याचे सोंग करून एक खोटे गाठोडे मागे धाडले, ते रात्री रानात टाकून दिले, आणि खरा देह मालाच्या गाठीसारखा बांधून पुढे नेला. उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरॉन साहेबांनी देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही.

का मानला नाही? इंग्रजी पुस्तके याला निष्ठा म्हणतात. निष्ठा होतीच, पण निष्ठावान नोकर एवढेच म्हणून हा प्रश्न मिटविणे आम्हांस पटत नाही. १८६६ साली मोहिमेतून पळालेल्या मुसा नावाच्या माणसाने डॉक्टर मारले गेले अशी हूल उठविली होती, आणि खऱ्याखोट्याचा तपास करण्यास विलायतेहून माणसे पाठवावी लागली होती. आता डॉक्टर खरोखरच गेले. पण आफ्रिकी माणसाच्या तोंडच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून पुरावाच खांद्यावर घेऊन निघणे भाग होते. आमच्या मते हा आपल्या शब्दाची लाज राखण्याचा विचार होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

१८७४ च्या फेब्रुवारीत देह बंदरावर आला. बहुतेकांचा हिशेब तेथेच चुकता करून त्यांना निरोप दिला. देहाबरोबर विलायतेला गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्या थोर मंडळींत शरणपूरचा हा विद्यार्थी होता. पुढे भूगोल-संस्थेने पदके पाडली, पण तोवर माणसे पांगली होती. त्या कबरीच्या शिळेवर विश्वासू हातांनी देह आणल्याचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे ते लिहिलेले नाही. चितांबोच्या झाडावर जेकबने तीन नावे का कोरली असतील ते ही शिळा पाहिली म्हणजे कळते.

शरणपूरची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीने १८७३ साली झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. १८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसले. ते वसविण्यास प्राइस साहेबच गेले आणि नाशिकहून आफ्रिकी कुटुंबे गेली. 'बॉम्बे आफ्रिकन' हे नाव त्यांना तिकडे चिकटले ते कायमचे. त्यांच्याही आधी, १८६४ साली, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे नाशिकहून जवळच्या राबाईच्या मिशनवर गेले होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स बरोबर होते. बिशपांनी त्यांना मोठ्या तांड्यासह मागे ठेविले, थोडी माणसे घेऊन ते पुढे गेले आणि तेथे मारले गेले. उरलेला तांडा जोन्स यांनी सुखरूप किनाऱ्याला आणला. पुढे निळ्या निशाणावर 'ईखाबोद' हा बायबलातील शब्द होता. वैभव गेले असा त्याचा अर्थ.

याच जोन्स यांनी राबाईला पळून आलेल्या गुलामांना शेकड्यांनी आसरा दिला. मालक चालून येण्याच्या बेतात होते. अखेर १८८९ च्या आरंभी ब्रिटिश कंपनीने भरपाई देऊन चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्तीचे दाखले दिले. लहानपणी स्वतः गुलाम झालेल्या माणसाने ती दारे उघडी ठेविली होती.

नाशिकहून गेलेली ही मंडळी पुढे मोंबासाच्या परिसरातच मुरली. चेंगविंबे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ साली तेथे वारले. चितांबोच्या गावापासून त्या काठीला खांदा दिलेल्यांपैकी ते अखेरच्यांतले एक होते.