हात रिकामे नव्हते

माउली, पुंडलिकाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगावी? दारात देव उभा, आणि हा म्हणतो, थांब जरा, आई-वडिलांचे पाय चेपतोय. हात रिकामे नव्हते, म्हणून वीट सरकवली. देव रागावला का? नाही. तो तिथंच उभा राहिला, तो आजपर्यंत.

आता आपल्या सोलापूरच्या एका पोराची गोष्ट ऐका. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईत शिकून डॉक्टर झाला. १९३७ साली जपाननं चीनवर आक्रमण केलं. पुढच्या वर्षी, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, आपल्याकडून पाच डॉक्टर तिकडं गेले. त्यांत हा. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. तिथं ना नातं, ना गोतं, ना भाषा ठाऊक.

आणि तिकडं निरोप आला, वडील गेले. हा परतला नाही.

सज्जनहो, इथं मन अडतं. पुंडलिकानं आई-वडिलांसाठी देवाला थांबवलं. यानं जखमी शिपायांसाठी घरचं सुतकसुद्धा थांबवलं. मग हा पुंडलिकाच्या उलट वागला का? घरच्यांना काय वाटलं असेल! ते दुःख लहान नाही, मी त्याला लहान म्हणणार नाही. पण त्याच्या हातांकडं बघा. हातांखाली रक्त वाहतंय. तो पडलेला शिपाई कुणाचा तरी मुलगा आहे, कुणाचा तरी बाप आहे. हात काढला तर तो मरतो. बापाचे पाय चेपायचे राहिले, ते यानं त्या परक्या पायांत चेपले.

बरोबरचे काही डॉक्टर परतले, हा राहिला. चिनी भाषा शिकला. बहात्तर-बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. तिथल्या बेथून रुग्णालयाचा प्रमुख झाला. तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. लेकरू तान्हं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला, आजारानं देह ठेवला. वय अवघं ३२. समाधी तिकडंच, चीनमध्ये. सोलापुरात त्याच्या राहत्या घरी स्मारक आहे. पंढरीला जाता-येता तिथंही माथा टेकवा.

आणि वाटेत दिंडीतल्या कुणा म्हातारीच्या पायाला फोड आले असतील, तर बसा खाली. दर्शनाची बारी चुकेल म्हणून पुढं पळू नका. तुमचे हात रिकामे होईपर्यंत तो उभा राहील. त्याला सवय आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!