आत्या, तुम्ही बसा!

 

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि उठायची वेळ आली. निम्म्याहून जास्त जणींना हात टेकल्याशिवाय उठता येईना. कुणी गुडघ्यावर जोर दिला, कुणी भिंत धरली. त्यातली एक तर अजून चाळिशीचीही नाही. सगळ्या हसल्या. "गुडघं गेलं गं," म्हणाल्या. पण गुडघ्याच्या आधी बऱ्याचदा मांडीचं मांस गेलेलं असतं. त्या मांसाबद्दल, म्हणजे स्नायूंबद्दल आज बोलायचं आहे.

एका फोटोपासून सुरुवात करू. 2004 साली एका मोठ्या वैद्यकीय मासिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन काढतात ना, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. काटा दोघांना सारखंच सांगत होता, अंग मात्र वेगळं होतं. स्वतःचंच अंग उदाहरणाला पुढं करणारा डॉक्टर आम्हाला तरी फार आवडला.

हे असं का, याचं उत्तर याज्ञिकांना पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मिळालं. 1993 पासून त्यांच्या मंडळींनी तिथल्या गरोदर बायकांची मापं घेतली, त्या काय खातात ते लिहून ठेवलं, मग बाळं मोजली. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. दंडाचा आणि पोटाचा घेर खूपच कमी. पण पाठीवरची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, आत मांस कमी आणि चरबी राखलेली. आणखी एक गोष्ट निघाली, ती आपण लक्षात ठेवायची. आई एकूण किती जेवली यापेक्षा तिच्या पोटात दूध, पालेभाजी, फळं किती वेळा गेली, याचा बाळाच्या वाढीशी संबंध दिसला. आणि आपल्याकडं दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं.

मांस कमी असलं तर बिघडलं कुठं? जेवल्यावर रक्तात जी साखर येते, तिचा मोठा वाटा स्नायू ओढून घेतात. स्नायू म्हणजे साखरेची कणगी समजा. कणगी लहान असली की साखर बाहेर सांडते. अंगानं वाळकी बाई, आणि तपासलं तर शुगर, हे आपण गावोगाव बघतो.

मग जन्मालाच कमी मिळालं तर कपाळाला हात लावून बसायचं का? नाही. स्नायूंच्या धाग्याला बाहेरून चिकटून काही बारीक पेशी असतात. 1961 साली बेडकाच्या पायात त्या पहिल्यांदा दिसल्या. चंद्र पृथ्वीजवळ असतो तशा त्या धाग्याच्या कडेला असतात, म्हणून त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. एरवी त्या झोपलेल्या. धागा तुटला, इजा झाली की जाग्या होतात, एकीच्या अनेक होतात आणि तुटलेलं सांधतात. काही पुन्हा झोपी जातात, पुढच्या वेळेसाठी. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत डॉ. ज्योत्स्ना धवन यांनी कित्येक वर्षं या झोपेचाच अभ्यास केला. ही झोप म्हणजे नुसतं पडून राहणं नव्हे. हाक आली की उठायची तयारी ठेवूनच ती पेशी झोपते. आपण बाळाजवळ झोपतो तशी.

वय वाढलं की या पेशी उशिरा उठतात, कमी उठतात. पण हाक ऐकायची बंद होत नाही. 1990 साली अमेरिकेत बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. वृद्धाश्रमातली, पार थकलेली माणसं. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायूही 9 टक्क्यांनी भरला. उलटं पण बघा. 2007 साली अमेरिकेतच सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवलं. पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं.

हे आकडे आम्ही गटात सांगितले तेव्हा एक जण फणकारली. "आम्ही दिवसभर भांगलतोय, मोळ्या वाहतोय, आमचं मांस का जावं?" प्रश्न बरोबर होता. राबण्यानं स्नायूला ताण पडतो, बारीक इजाही होते. त्या सांधायला प्रथिनं लागतात आणि झोप लागते. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला साधारण 40 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात 6, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25, तेवढ्याच कोरड्या हुलग्यात 22 च्या आसपास. आपल्या माळावर हुलगा, मटकी पिकते. पण कालवणातला गाळ सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या ताटात पाणी येतं. मोळी तिच्या डोक्यावर आणि अंडं दुसऱ्याच्या ताटात, असं चाललंय.

आता खरी गोष्ट. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई उंबऱ्याला अडखळून पडल्या. हाड मोडलं नव्हतं. पण सून मायाळू. "आत्या, तुम्ही बसा." पाणी हातात, ताट हातात, अंघोळीचं पाणीसुद्धा खाटेजवळ. दोन महिन्यांनी आत्यांना परसाकडं एकटीनं जाता येईना. सून आमच्याजवळ रडली. म्हणाली, मी सेवा केली का वाटोळं केलं?

वाटोळं नाही केलं. पण त्या पेशींना हाक मारायचं राहून गेलं. डॉक्टरांना विचारून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. भिंतीला लावलेली खुर्ची, सून समोर उभी, आणि आत्यांनी उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी दोनदा, तेही हात धरून. सोबत सकाळी एक अंडं, ते नको त्या दिवशी हुलग्याचं माडगं. आता त्या हात न धरता पाच वेळा उठतात आणि तुळशीपर्यंत जातात. पहिल्यासारख्या झाल्या असं नाही. पायरी अजून जमत नाही. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, छातीचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच उठवा.

आमच्या बैठकीतही आता हप्त्याच्या आधी सगळ्या जणी खुर्चीवरून दहा वेळा उठतात. खुर्च्या दोनच आहेत, त्यामुळं दंगा होतो.

सगळ्यात अवघड खुर्ची नाही, शेजारपाजार आहे. सासू स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेताना दिसली की लोक म्हणतात, सून बघत नाही. त्या सुनेला हे ऐकून घ्यावं लागतंय. म्हणून पुढची बैठक आम्ही तिच्याच अंगणात ठेवली आहे. गुरुवारी, चार वाजता. पाणी आत्या देणार आहेत.