श्वासाचे द्वार : नाक



अन्नावाचून माणूस काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस तग धरतो; हवेवाचून मात्र काही मिनिटेच. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत दिवसभरात सुमारे १० हजार लिटर हवा जाते. बाहेरची हवा जशीच्या तशी आत जाऊ नये, ही जबाबदारी निसर्गाने नाकाकडे सोपविली आहे.

नाकपुडीतील केस मोठे कण अडवितात. आत दोन्ही बाजूंस शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडे असून त्यांवरील ओलसर आवरणात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यांवरून वाहताना थंड हवा उबदार व कोरडी हवा दमट होते. आवरणावरील चिकट द्रावात धूळ व जंतू अडकतात आणि सूक्ष्म रोम तो द्राव घशाकडे लोटतात. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो, हे १९९० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. हा वायू फुप्फुसांतील रक्तवाहिन्या रुंदावून प्राणवायू रक्तात मिसळण्यास साहाय्य करतो. तोंडावाटे घेतलेल्या श्वासास हे लाभ क्वचितच मिळतात.

पनवेल तालुक्यातील ओवे गावासारख्या ठिकाणी या माहितीचे मोल अधिक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भातशेतीच्या या परिसरात शहर वाढत गेले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जवळच तळोजे औद्योगिक वसाहत आहे. दगडखाणी, बांधकामे आणि वाहने यांची धूळ या परिसराने अनुभवली आहे. येथे नाकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही जाणली पाहिजेत. १० मायक्रोमीटरहून मोठे कण बहुतांशी नाकाघशातच अडतात, २.५ मायक्रोमीटरहून लहान कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. दगड फोडताना उडणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ अशीच खोलवर जाते. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस रोगात फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. तेथे साधा रुमाल पुरेसा नसतो. पाण्याचा फवारा मारून धूळ उगमाशीच दाबणे आणि कामगारास योग्य मुखपट्टी देणे आवश्यक ठरते.

मूल सतत तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, तर त्यास केवळ वाईट खोड समजू नये. नाकामागील ग्रंथींची वाढ, जुनाट सर्दी वा नाकाच्या पडद्याचा वाकडेपणा हे त्याचे कारण असू शकते. अशा मुलास वेळीच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे.

श्वासाकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून प्राणायामादी योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. जलनेती करावयाची झाल्यास जाणकाराकडून शिकून, उकळून कोमट केलेल्या पाण्यानेच करावी.

नाक आपले काम अहोरात्र करीत असते. त्याला जे पेलवत नाही, ते हवेत मिसळू न देणे हे कारखानदार, खाणमालक, स्थानिक प्रशासन आणि नागरिक या सर्वांचे कर्तव्य आहे.